मसुराचा दाणा आणि मधला खण

तुर्भे हे गाव आकाशासाठी प्रसिद्ध नाही. ठाण्याची खाडी आणि पारसिकची डोंगररांग यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत औद्योगिक वसाहत आहे, मालमोटारींच्या रांगा आहेत, आणि मुंबईच्या दाणाबंदरातून इकडे हलवला गेलेला मोठा धान्यबाजार आहे. या बाजारात अख्ख्या मसुराची पोती तोंडे उघडून ठेवलेली असतात. त्यांतला एक दाणा चिमटीत धरून समोरून पाहिला तर तो वाटोळा दिसतो. कडेने पाहिला तर मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आकार असलेली एक दीर्घिका आणि तिला मिळालेले, पुन्हा पुन्हा बदलत गेलेले स्थान हा आहे. स्थान म्हणजे आकाशातले, आणि माणसाने केलेल्या वर्गवारीतलेही.

विषय आमच्याकडे आला तो वर्गातून. पारिभाषिक संज्ञांच्या तासाला आम्ही फळ्यावर ‘भिंगाकार दीर्घिका’ ही संज्ञा लिहिली होती. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, दीर्घिका म्हणजे संस्कृतात तळं ना? मग ते आकाशात कसं?” तिच्या शेजारणीचा प्रश्न अधिक सरळ होता: “आणि ती दिसते कुठे?” पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला देता आले. दुसऱ्यासाठी आम्ही त्या संध्याकाळी मुलांना घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेलो, आणि तिथे आमची फजिती झाली. ती कशी, ते शेवटी सांगू. आधी शब्द.

अमरकोशात ‘दीर्घिका’ हा ‘वापी’चा पर्याय म्हणून येतो. लांबट, बांधीव, पायऱ्यांचा जलाशय असा त्याचा अर्थ. संस्कृत काव्यांतल्या राजवाड्यांच्या उपवनांत अशा दीर्घिका असतात, त्यांत हंस आणि कमळे असतात. शास्त्रीय मराठीने हा शब्द उचलून ताऱ्यांच्या प्रचंड समूहासाठी योजला आणि ‘आकाशगंगा’ हे नाव आपल्या स्वतःच्या दीर्घिकेपुरते राखून ठेवले. हिंदीने याच अर्थासाठी ‘मंदाकिनी’ घेतला. ग्रीकांना त्या पांढुरक्या पट्ट्यात दूध दिसले, आपल्याकडच्यांना पाणी. आणि वाहत्या गंगेची शास्त्रीय जात ठरवण्याची वेळ आली तेव्हा मराठीने बांधीव तळ्याचे नाव निवडले. ही निवड आम्हाला मार्मिक वाटते. गंगा एकच असते, तळी अनेक असू शकतात. आपली आकाशगंगा ही अनेकांतली एक आहे, हा विसाव्या शतकाचा शोध त्या एका शब्दात बसतो.

‘भिंगाकार’ या विशेषणाची कथा आणखी घरगुती आहे. लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूर. काचेचे दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग मसुराच्या दाण्यासारखे दिसते म्हणून त्याला ते नाव मिळाले. पुढे इंग्रजीत मूळ धान्य विसरले गेले आणि काच उरली. मराठी भाषांतरकारांनीही काचच घेतली. वास्तविक आपल्याकडे मसुरावरून नाव देण्याची रीत जुनी आहे. देवीच्या पुळ्यांना संस्कृत वैद्यकाने ‘मसूरिका’ म्हटले ते आकारावरूनच. तेव्हा आमच्या विद्यार्थिनीला आकार समजावून सांगायला प्रयोगशाळेतले भिंग शोधण्याची गरज नव्हती. बाजारातला दाणा पुरेसा होता.

आता आकाश. भिंगाकार दीर्घिका पुष्कळ आहेत, पण या लेखापुरती आम्ही एकच निवडली आहे, कारण ती आपल्या ओळखीच्या नक्षत्रावरून शोधता येते. चैत्रातल्या एखाद्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास आपल्या अक्षांशावर मघा नक्षत्र जवळजवळ डोक्यावर येते. त्याचा विळ्यासारखा आकार आणि विळ्याच्या मुठीशी असलेला ठळक योगतारा शहरातूनही ओळखता येतो. या योगताऱ्यापासून सरळ दक्षिणेकडे यावे. हात लांब करून मिटलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते. अशा दोन मुठी खाली आले की आकाशाचा एक अगदी रिकामा वाटणारा तुकडा लागतो. वर सिंह, खाली वासुकी, आणि मध्ये एकही ठळक तारा नसलेली ही जागा. तिथे एनजीसी ३११५ आहे. तिची प्रत सुमारे ९, म्हणजे नुसत्या डोळ्यांना ती कधीच दिसत नाही. अंधाऱ्या गावी लहान दुर्बिणीतून पुसटसा, लांबट, मध्ये उजळ ठिपका दिसतो. चरख्याच्या चातीसारख्या या रूपावरून पाश्चात्त्य निरीक्षकांनी तिला चातीचेच नाव दिले आहे. तिचे अंतर सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश निघाला, तेव्हा पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण थिजून जवळजवळ तितकाच काळ लोटला होता.

आकाशाच्या या रिकाम्या तुकड्याला नाव दिले ते सतराव्या शतकात, डान्झिगच्या योहानेस हेवेलियसने. १६७९ साली लागलेल्या आगीत त्याची वेधशाळा आणि तिच्यातली यंत्रे भस्मसात झाली. त्यांत ताऱ्यांची कोनीय अंतरे मोजण्याचा त्याचा षष्ठांश होता. हेवेलियसने सिंह आणि वासुकी यांच्यामधल्या फिकट ताऱ्यांना त्याच यंत्राचे नाव दिले. गमावलेल्या साधनाचे स्मारक म्हणून आकाशातली बेवारस जागा वापरली गेली. यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, २२ फेब्रुवारी १७८७ रोजी, विल्यम हर्शेलला याच जागेत एक लांबट तेजोमेघ सापडला. मघा नक्षत्र मध्यरात्री माथ्यावर येते तेच हे दिवस. हर्शेलने त्याची नोंद केली. तो काय आहे हे सांगण्याचे साधन मात्र त्याच्याजवळ नव्हते. त्या काळी आकाशातल्या प्रत्येक धूसर डागाला ‘तेजोमेघ’ हा एकच शब्द होता. वायूचा ढग, ताऱ्यांचा पुंजका, दूरची दीर्घिका, सगळे एकाच पोत्यात.

हे पोते फोडण्याचे पहिले हत्यार वर्णपट हे होते. १८६४ साली विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि त्यात सलग पट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा आढळल्या. अशा रेषा तापलेल्या विरळ वायूच्या असतात. देवयानीच्या तेजोमेघाचा वर्णपट मात्र ताऱ्यांसारखा सलग होता. म्हणजे ‘तेजोमेघ’ या एका नावाखाली निदान दोन जाती नांदत होत्या. नाव एक, रूपही वरवर एक, पण घडण वेगळी. या लेखातले मुख्य सूत्र इथेच पहिल्यांदा डोके वर काढते.

आणि इथेच या कथेत पुणे येते. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या तत्कालीन कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांतून त्यांनी तिथे वेधशाळा उभारली. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण हे तिचे वैभव. देशात त्या काळी याहून मोठी दुर्बीण नव्हती. वेधशाळेचे काम १८८८ साली सुरू झाले. हर्शेलच्या नोंदी ज्या सूचीत समाविष्ट झाल्या आणि जिच्यावरून आपल्या दीर्घिकेला ३११५ हा क्रमांक मिळाला, ती ड्रायरची सूचीही १८८८ चीच. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मुख्य वर्णरेषेविषयी तेव्हा इंग्लंडात वाद चालू होता. नायगमवालांनी पुण्याहून त्या रेषेचे वेध घेतले आणि १८९१ साली ते लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेजोमेघ म्हणजे काय, या त्या शतकाच्या कळीच्या प्रश्नावरच्या चर्चेत पुण्याचा आवाज होता.

त्याच शहरात, त्याच दशकात, शंकर बाळकृष्ण दीक्षित ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा आपला महाग्रंथ मराठीत सिद्ध करीत होते. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. एकाच नगरात एक माणूस दुर्बिणीने आकाश वाचीत होता आणि दुसरा पोथ्यांमधून. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला गेले आणि त्यांनी त्याचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. हेवेलियसचे यंत्र आगीने नेले. पुण्याचे यंत्र एका माणसाच्या निवृत्तीने. दुर्बीण भंगली नाही, हे खरे. पण यंत्राभोवती शिष्यपरंपरा उभी राहिली नाही की यंत्र असून नसल्यासारखे होते, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

तेजोमेघांचा निकाल लागला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, कॅलिफोर्नियात. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीच्या तेजोमेघात एक विशिष्ट प्रकारचा रूपविकारी तारा सापडला. त्यावरून अंतर काढता आले, आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे, हे १ जानेवारी १९२५ रोजी जाहीर झाले. तळी अनेक आहेत हे ठरल्यावर त्यांची जातवारी लावणे ओघानेच आले. हबलने १९२६ च्या निबंधात ती लावली. एका बाजूला हातांचा मागमूस नसलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका, जवळजवळ गोल ‘ई-शून्य’पासून सर्वांत चपट्या ‘ई-सात’पर्यंत. दुसऱ्या बाजूला तबकडी आणि फिरते हात असलेल्या सर्पिल दीर्घिका, त्यांच्याही दोन शाखा. आकृती नादकाट्यासारखी: एक दांडा, दोन पाते. आपली मघेखालची चाती त्यात कुठे बसली? ‘ई-सात’च्या खणात, लंबवर्तुळाकारांच्या शेवटी.

पण नादकाट्याचा दांडा आणि पाते जिथे मिळतात तिथे हबलला एक पोकळी जाणवत होती. सर्वांत चपट्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेपासून सर्पिल दीर्घिकेपर्यंत एकदम उडी कशी? १९३६ च्या आपल्या ग्रंथात त्याने त्या जागी एक नवा खण आखला, त्याला ‘एस-शून्य’ नाव दिले, आणि तो बहुतांशी गृहीतच धरला. तबकडी आहे पण हात नाहीत, अशी दीर्घिका तिथे असायला हवी, एवढेच. नाव आधी, वस्तू नंतर. पुढे अधिक स्पष्ट छायाचित्रांत अशा दीर्घिका खरोखर मिळत गेल्या. १९५३ साली हबल वारला. त्याचे काम पुढे नेणाऱ्या अ‍ॅलन सँडेजने १९६१ साली दीर्घिकांची चित्रसूची प्रसिद्ध केली, त्यात ‘एस-शून्य’ हा भरलेला खण होता आणि आपली चाती ‘ई-सात’मधून उठून तिथे येऊन बसली होती. दीर्घिका होती तिथेच होती; तिचे घर बदलले.

भिंगाकार दीर्घिकेचे वर्णन आता सांगता येईल. मध्ये ताऱ्यांचा मोठा फुगवटा, भोवती तबकडी. पण तबकडीत सर्पिल हात नाहीत, वायू व धूळ सहसा अत्यल्प, त्यामुळे नव्या ताऱ्यांचा जन्म जवळजवळ थांबलेला. बहुतेक तारे वयस्क. एनजीसी ३११५ च्या केंद्राशी सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचा पुरावा १९९२ साली पुढे आला. बाहेरून शांत दिसणाऱ्या या दाण्याचे अंतरंग असे आहे.

मधला खण भरला, की मधल्या खणातल्यांना ‘दुवा’ मानण्याचा मोह होतो. हबलने आपल्या क्रमात ‘आधीची’ व ‘नंतरची’ असे शब्द वापरले होते. त्यांना कालवाचक अर्थ नाही, असे त्याने बजावलेही होते. पण शब्दांना सूचना देऊन थांबवता येत नाही. वाचणाऱ्यांना तिथे वंशावळ दिसली, आणि भिंगाकार दीर्घिका दोन घराण्यांमधला सांधा ठरली. १९५१ साली स्पिट्झर आणि बाडे यांनी वेगळी शक्यता मांडली: दाट समूहांत सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळून वायू गमावत असतील, आणि वायू गेल्यावर जे उरते ते भिंगाकार. १९७२ साली गन आणि गॉट यांनी टकरीचीही गरज नाही असे दाखवले. समूहातल्या तप्त वायूतून वेगाने जाताना दीर्घिकेचा स्वतःचा वायू त्या दाबाने पुसला जाऊ शकतो. १९७६ साली सिडनी व्हॅन डेन बर्घ यांनी तर हा खण मध्ये नाहीच, ही सर्पिलांना समांतर जाणारी वेगळीच रांग आहे, अशी मांडणी केली. १९८० साली अ‍ॅलन ड्रेसलर यांनी ५५ समूहांतल्या सुमारे ६००० दीर्घिका मोजून दाखवले, की वस्ती जितकी दाट, तितके सर्पिलांचे प्रमाण कमी आणि भिंगाकारांचे अधिक. शेजार आकार घडवतो, याचा याहून ठळक दाखला मिळणे कठीण.

या टप्प्यावर पुणे पुन्हा येते. १९८८ साली, म्हणजे नायगमवालांच्या वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, गणेशखिंडीत जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, हे या पृष्ठाच्या वाचकांना ठाऊक आहेच. या संस्थेतले अजित केंभावी ज्यात होते अशा पाच संशोधकांच्या गटाने २००७ साली भिंगाकार दीर्घिकांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी अवरक्त प्रकाशात दोन गोष्टी मोजल्या: मधला फुगवटा केवढा आणि भोवतीची तबकडी केवढी. फिकट भिंगाकार दीर्घिकांत फुगवटा मोठा असेल तर तबकडीही मोठी निघाली. तबकडीतल्याच द्रव्यातून हळूहळू फुगवटा साचत गेला असेल, तर हे अपेक्षितच. तेजस्वी भिंगाकार दीर्घिकांत मात्र नेमके उलट आढळले: फुगवटा मोठा तिथे तबकडी लहान. याचा अर्थ त्यांची घडण दुसऱ्या वाटेने झाली असली पाहिजे. २००९ साली याच विषयावर गटाने अधिक विस्ताराने लिहिले. फिकट भिंगाकार या वायू गमावलेल्या सर्पिल दीर्घिका असाव्यात आणि तेजस्वी भिंगाकार फार प्राचीन काळी झपाट्याने घडल्या असाव्यात, अशी त्यांची धारणा आहे. विषयावर अजून काम चालू आहे. पण एवढे निश्चित, की जो खण हबलने एका रिकाम्या जागेसाठी आखला, त्यात दोन निरनिराळ्या भूतकाळांच्या दीर्घिका येऊन बसल्या आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या कथेत काय मिळते? आमच्या मते एक सावधगिरी. आपल्याकडेही असा एक मधला खण आहे: बखर. इतिहासाच्या दांड्यावर बसवावी तर राजवाड्यांसारखे संशोधक तिच्या विश्वसनीयतेवर बोट ठेवतात. ललित गद्याच्या पात्यावर बसवावी तर ती स्वतःला हकीकत म्हणवते. म्हणून आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तिला इतिहास आणि वाङ्मय यांमधला दुवा म्हणून मोकळे होतो. पण सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, थोरल्या महाराजांचे चरित्र सांगण्यासाठी लिहिली गेली. भाऊसाहेबांची बखर पानिपतच्या घावातून आली. एकीमागे राज्य टिकवण्याची निकड आहे, दुसरीमागे उद्ध्वस्त झालेल्या पिढीचा शोक. रूपाने दोघी बखरीच. त्यांना एका खणात ठेवायला हरकत नाही, पण खण एक म्हणून जन्मकथाही एक मानली की वाचन तिथेच संपते. केंभावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाराचे नाव बदलले नाही. त्यांनी एवढेच केले की त्या नावाआडची मापे पुन्हा घेतली. वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही किती वेळा मापे पुन्हा घेतो?

आता गच्चीची फजिती. त्या संध्याकाळी मघेचा योगतारा आम्हाला सापडला. मुलांनी हात लांब करून दोन मुठी मोजल्या, आणि त्यांच्या मुठींखाली आले ते नारिंगी-पांढरे, दुधाळ धुके. खाडीवरची दमट हवा, कारखान्यांचे दिवे, मालमोटारींच्या तळावरचे झोत. आमच्याच इमारतीच्या कोपऱ्यावरचा प्रखर दिवा तर थेट डोळ्यांत येत होता, आणि तो कुठून बंद करायचा हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लहान दुर्बीण आणली असती तरी तिथे ३११५ शोधणे हा नशिबाचाच खेळ ठरला असता. मुंबईचे हौशी निरीक्षक आकाशदर्शनासाठी कर्जतच्या वाटेवर वांगणीसारख्या ठिकाणी का जातात, ते त्या दिवशी मुलांना न सांगता कळले.

एक विद्यार्थिनी मात्र हिरमुसली नाही. तिचे वडील बाजारात माथाडी काम करतात. दुसऱ्या दिवशी तिने कागदाच्या पुडीतून मूठभर अख्खे मसूर आणले आणि टेबलावर ओतले. काही दाणे समोरून दिसत होते, काही कडेने, काही तिरपे. “मॅडम, हे सगळे एकसारखे दिसतात,” ती म्हणाली, “पण पोती वेगवेगळ्या गावांहून येतात.” आम्ही दाणे पुन्हा पुडीत भरले आणि त्या तासाला सभासदाची बखर उघडली.